दुसऱ्याची पाळी : कॅरम स्पर्धेतील शिस्त, विलंब आणि व्यत्यय

कॅरमच्या स्पर्धेत दोन खेळाडू जेमतेम मीटरभर अंतरावर समोरासमोर बसतात आणि एकाच बोर्डवर आळीपाळीने खेळतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडता येते, क्रिकेटमध्ये फलंदाजाला चकवता येते. कॅरममध्ये मात्र समोरच्याची पाळी चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला काहीच करता येत नाही. त्याने हात आवरून गप्प बसायचे असते. ही पाळी किती वेळ चालेल याचाही नेम नसतो. सोंगटी पडत गेली की पाळी चालूच राहते, आणि कसलेला खेळाडू एकाच पाळीत अख्खा बोर्ड संपवतो. अशा खेळात दुसऱ्याचे नुकसान करण्याचे आडमार्ग दोनच उरतात : वेळ खाणे आणि लक्ष उडवणे. म्हणूनच कॅरमच्या नियमांत नेम आणि गुण यांच्याबरोबरीने वेळ, बैठक आणि शांतता यांना जागा मिळालेली आहे. हे नियम नीट समजले आणि पाळले गेले, तर गावातल्या मंडळाची स्पर्धाही राष्ट्रीय स्पर्धेइतकी निकोप होऊ शकते.

घरातला खेळ, स्पर्धेतला खेळ

कॅरम महाराष्ट्रात बहुतेक घरांत खेळला जातो, पण त्याचे स्पर्धात्मक रूप घरच्या खेळापेक्षा बरेच काटेकोर आहे. अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ साली मद्रासमध्ये स्थापन झाला. पुढे १५ ऑक्टोबर १९८८ रोजी त्याच शहरात आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ उभा राहिला आणि खेळाला सर्व देशांत चालणारी एक नियमावली मिळाली. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी दोनदा जगज्जेतेपद मिळवले आणि १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात मुंबईच्या चाळींमधून, गणेशोत्सव मंडळांच्या स्पर्धांमधून आणि बँका, विमा, रेल्वे यांसारख्या आस्थापनांच्या क्रीडा विभागांतून खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. मुंबईचा प्रशांत मोरे आणि पुण्याचा योगेश परदेशी यांनी जागतिक विजेतेपदापर्यंत मजल मारली. महाराष्ट्र कॅरम असोसिएशन आणि तिच्या जिल्हा संघटना राज्यभर स्पर्धा घेतात आणि पंचही तयार करतात.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला असलेल्या मावळ तालुक्यात या खेळाला ऋतूचीही साथ आहे. पावसाळ्यात मैदानी खेळ बंद पडतात, भाताची लावणी उरकली की हाताला थोडी उसंत मिळते आणि पाठोपाठ गणपती येतात. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या नवलाख उंबऱ्यासारख्या गावात शेतकरी कुटुंबे आणि पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार एकत्र नांदतात. अशा ठिकाणी चार बोर्ड, चार दिवे आणि एक खोली एवढ्या भांडवलावर कॅरमची स्पर्धा उभी राहते. भांडवल कमी लागते, पण शिस्त कमी लागत नाही.

सामन्याची रचना थोडक्यात अशी. बोर्डचा खेळायचा पृष्ठभाग ७३.५ ते ७४ सेंटिमीटर चौरस असतो. पांढऱ्या ९, काळ्या ९ आणि लाल राणी अशा १९ सोंगट्या असतात. स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पहिला फटका, म्हणजे ब्रेक, ज्याचा असतो तो पांढऱ्या सोंगट्या घेतो. राणीचे ३ गुण, पण ती घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी टाकून तिला कव्हर द्यावे लागते. बोर्ड संपला की हरलेल्याच्या जितक्या सोंगट्या शिल्लक, तितके गुण जिंकणाऱ्याला मिळतात. २५ गुण किंवा ८ बोर्ड यांपैकी जे आधी होईल तिथे गेम संपतो, आणि तीनपैकी दोन गेम जिंकणारा सामना जिंकतो. एका बोर्डात जास्तीत जास्त १२ गुण मिळू शकतात, म्हणून एकच बिघडलेला फटका सामन्याचे पारडे फिरवतो. लक्ष उडवण्याचा मोह होतो तो याच कारणाने.

सामना सुरू होण्यापूर्वी

स्पर्धेतला पहिला विलंब पहिल्या फटक्याच्या आधीच होतो. नाव पुकारले जाते आणि खेळाडू जागेवर नसतो. तो चहाला गेलेला असतो, दुसऱ्या बोर्डवरचा सामना बघत असतो किंवा अजून रस्त्यातच असतो. यावर सगळीकडे एकच उपाय आहे. ठरावीक सवलतीची मुदत आधीच जाहीर करायची आणि ती संपली की समोरच्याला पुढे चाल, म्हणजे वॉकओव्हर, द्यायचा. मुदत किती असावी हे आयोजक ठरवतात. महत्त्वाचे हे की ती सर्वांना सारखी लागू असावी. गावातल्या नावाजलेल्या खेळाडूसाठी अर्धा तास थांबायचे आणि नवख्या मुलाला दहा मिनिटांत बाद करायचे, असे एकदा झाले की त्या स्पर्धेच्या निकालावर कोणाचा विश्वास राहत नाही.

खेळाडू हजर झाल्यावर बोर्ड, सोंगट्या, दिवा आणि बैठक यांची तपासणी होते. स्पर्धेतले खेळाडू बहुधा स्वतःचा स्ट्रायकर घेऊन येतात आणि पंच तो तपासतो. बोर्ड सपाट आहे का, एखादी सोंगटी तडकलेली आहे का, दिव्याची सावली आपल्या बाजूच्या रेषांवर पडते का, हे सारे विचारायची वेळ हीच. नाणेफेक होऊन खेळ सुरू झाल्यावर, तीन बोर्ड हरल्यानंतर, दिव्याबद्दल तक्रार करणे हा विलंबाचाच एक प्रकार मानला जातो. चांगला पंच सुरुवातीलाच दोघांना विचारतो आणि दोघांची मान्यता घेऊनच सोंगट्या लावायला सांगतो. नाणेफेक जिंकणारा ब्रेक घेतो किंवा बसायची बाजू निवडतो.

सरावाबाबतही शिष्टाचार आहे. सामन्याआधी हात मोकळा करायला थोडा वेळ मिळतो, तो दोघांत समान वाटायचा असतो. मिळालेला सगळा वेळ आपणच फटके मारत राहणे आणि समोरच्याला बोर्डचा अंदाजही न येऊ देणे, याला कॅरमच्या वर्तुळात कमीपणाचे मानतात.

पंधरा सेकंद

आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार प्रत्येक फटका १५ सेकंदांच्या आत मारावा लागतो. ही मुदत बघणाऱ्याला तोकडी वाटते, पण त्या वेळात काय काय करायचे असते हे जवळून पाहिले की ती पुरेशी असल्याचे कळते. आधीच्या फटक्यातल्या सोंगट्या थांबतात. खेळाडू स्ट्रायकर उचलतो, बोटांनी किंवा फडक्याने त्याची कड पुसतो आणि तो दोन समांतर रेषांच्या मध्ये ठेवतो. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलेला असला पाहिजे. टोकाच्या लाल वर्तुळावर ठेवायचा असेल तर वर्तुळ पूर्ण झाकले गेले पाहिजे, नाहीतर त्याला स्पर्शही होता कामा नये. मग खेळाडू डोळा सोंगटी आणि खिसा यांच्या रेषेत आणतो, स्ट्रायकर केसभर सरकवतो, बोटे टेकवतो आणि फटका मारतो. सरावलेल्या खेळाडूला याला ६ ते ८ सेकंद लागतात. उरलेला वेळ अवघड निर्णयांसाठी असतो : राणीला आत्ता हात घालायचा की नाही, कट मारायचा की रिबाउंड, समोरच्याची खिशाच्या तोंडावरची सोंगटी अडवायची की आपली काढायची.

विचार करायला लागणारा वेळ आणि मुद्दाम खाल्लेला वेळ यांत फरक करणे हे पंचाचे खरे काम आहे. मुद्दाम वेळ खाण्याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. स्ट्रायकर ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा पुसायचा. प्रत्येक फटक्याआधी नसलेली धूळ फुंकायची. खुर्चीवर अंग सावरून घ्यायचे. पंचाला गुणसंख्या विचारायची. समोरचा खेळाडू लयीत असतो, त्याच्या सोंगट्या सटासट जात असतात, आणि ती लय मोडण्यासाठी आपली पाळी आली की हे सारे सुरू होते. कॅरममध्ये हाताला मिळालेली ऊब फार वेळ टिकत नाही. चार-पाच मिनिटे नुसते बसून राहिलेल्या खेळाडूचा पहिला फटका बहुधा जोरात तरी जातो किंवा तोकडा पडतो, आणि वेळ खाणाऱ्याला तेच हवे असते.

विलंबाचा हिशोब मांडून पाहावा. एका बोर्डात दोघांचे मिळून ४० फटके होतात असे धरले आणि प्रत्येक फटक्याला ५ सेकंद जादा गेले, तर एका बोर्डात २०० सेकंद वाया जातात. गेम ८ बोर्डांपर्यंत लांबला तर हा वेळ १,६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटे होतो. सामना तीन गेमचा असेल तर तासाभराहून जास्त वेळ नुसत्या रेंगाळण्यात जातो. प्रत्येक फटक्यामागचे ५ सेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत, म्हणून ते मोजणारा पंच लागतो.

मुदत ओलांडणे हा फाउल आहे. साध्या फाउलची किंमतही मोठी असते, कारण खेळाडूने टाकलेली एक सोंगटी ड्यू म्हणून बोर्डवर परत येते. तरीही गावपातळीवरच्या स्पर्धेत पंच लगेच दंड न करता आधी समज देतो, आणि ते योग्यच आहे. नवख्या खेळाडूला वेळेचे भान नसते. मात्र समज दिल्यावरही तेच चालू राहिले तर दंड टाळणे म्हणजे नियमाने खेळणाऱ्यावर अन्याय करणे होय.

बैठक आणि हात

स्पर्धेत कसेही वाकून, उभे राहून किंवा बोर्डवर रेलून खेळता येत नाही. हात सोडून अंगाचा कोणताही भाग खेळायच्या पृष्ठभागाला लागता कामा नये. बोर्डवरचे बाण बाहेरपर्यंत वाढवल्यास जी काल्पनिक हद्द आखली जाते, तिच्या आत राहून बसावे लागते. घरी खेळताना कोपऱ्यातल्या सोंगटीसाठी अर्धे अंग बोर्डच्या बाजूला नेण्याची सवय लागलेली असते. स्पर्धेत पहिल्यांदा उतरलेल्या खेळाडूचे सर्वाधिक फाउल याच सवयीमुळे होतात.

या नियमाचा संबंध जसा न्यायाशी आहे तसाच शांततेशीही आहे. खेळाडू हलला की खुर्ची हलते, खुर्ची हलली की स्टँडला धक्का लागतो आणि खिशाच्या ओठावर अडकलेली सोंगटी पडते. ती कोणाच्या फटक्याने पडली हे मग ठरवायचे कसे? म्हणून बोर्ड चालू असताना पंचाच्या परवानगीशिवाय जागा सोडता येत नाही. पाणी प्यायचे असेल तर दोन बोर्डांच्या मधल्या वेळात प्यावे. समोरच्याच्या पाळीत पायावर पाय टाकणे, पाय हलवत राहणे, बोटांनी खुर्चीचा हात वाजवणे हेही टाळायचे असते. अनुभवी खेळाडू आपली पाळी संपली की पाठ खुर्चीला टेकवतो, हात मांडीवर घेतो आणि नजर बोर्डवर ठेवतो. तेवढ्या बैठकीतूनच समोरच्याला मोकळेपणा मिळतो.

व्यत्यय आणणारे

व्यत्यय तीन दिशांनी येतो : प्रतिस्पर्ध्याकडून, जोडीदाराकडून आणि प्रेक्षकांकडून.

प्रतिस्पर्ध्याचा व्यत्यय क्वचितच उघड असतो. फटका मारायच्या क्षणी खाकरणे, ‘अवघड आहे’ असे पुटपुटणे, समोरच्याच्या नेमाच्या रेषेत हात पुढे आणणे, तो खिशाकडे बघत असताना त्याच खिशाशेजारी आपला स्ट्रायकर ठोकणे, असे त्याचे प्रकार आहेत. चुकलेल्या फटक्यावर ‘अरेरे’ म्हणणे सहानुभूतीचे वाटते, पण त्यामुळेही समोरच्याची एकाग्रता मोडते. खेळाडूंनी एकमेकांशी बोलायचे नसते, जे काही सांगायचे ते पंचाला सांगायचे. चांगल्या फटक्याला दाद द्यायची असेल तर मान हलवून द्यावी. तेवढी पुरते.

दुहेरीत जोडीदाराचा प्रश्न वेगळा असतो. दोघे जोडीदार समोरासमोर बसतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या बाजूने बोर्ड वेगळा दिसत असतो. एखादी सोपी सोंगटी जोडीदाराच्या नजरेतून सुटते आहे हे दिसत असूनही सांगता येत नाही. तोंडाने, डोळ्यांनी किंवा बोटाने केलेली कोणतीही खूण नियमाविरुद्ध आहे. घरच्या खेळात जोडीदाराला ‘ती काळी बघ’ असे सांगणे हा गमतीचा भाग असतो, स्पर्धेत मात्र तोच फाउल ठरतो. दुहेरीचा कस लागतो तो इथेच. जोडीदाराने चूक केली तरी चेहऱ्यावर नाराजी दिसू नये, कारण त्याची पाळी पुन्हा येणारच असते.

प्रेक्षकांचा व्यत्यय सर्वांत मोठा आणि सर्वांत निष्पाप असतो. कॅरमचा बोर्ड लहान, त्यामुळे बघणारे जवळ येतात. मागून वाकतात, खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवतात, दिव्याच्या उजेडात आडवे येतात. आपापसात पुढच्या फटक्याची चर्चा करतात आणि ती खेळाडूच्या कानावर पडते. ती सल्ला म्हणून पडली तर समोरच्यावर अन्याय, गोंधळ म्हणून पडली तर खेळणाऱ्यावर. म्हणून बोर्डभोवती दोरी किंवा बाकांची हद्द घालून प्रेक्षकांना दोन हात लांब ठेवतात. टाळ्या बोर्ड संपल्यावर वाजवाव्यात, प्रत्येक फटक्याला नव्हे. गावात हे शिकवायला एक दिवस पुरतो. पहिल्या फेरीत पंचाने दोनदा नम्रपणे सांगितले की दुसऱ्या फेरीत प्रेक्षकच एकमेकांना गप्प करतात.

यात मोबाइलची भर पडली आहे. खेळाडूचा फोन बंद करून संयोजकांकडे ठेवावा, प्रेक्षकांचा फोन आवाज बंद करून खिशात असावा. चित्रीकरण करायचे असल्यास फोनचा फ्लॅश लावू नये आणि खेळाडूच्या समोर उभे राहू नये. कॅरमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला अचानक प्रकाश सोंगटीची कडच गिळून टाकतो.

पावसाळी हवा, पावडर आणि पंखा

काही विलंब माणसांमुळे होत नाहीत, हवेमुळे होतात, आणि मावळात त्यांचा विचार केल्याशिवाय स्पर्धा घेता येत नाही. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला तळेगाव, नवलाख उंबऱ्याकडे यावे तसा तो झपाट्याने कमी होतो, पण हवेतला ओलावा श्रावण-भाद्रपदात सगळीकडे असतो. कॅरमचा पृष्ठभाग प्लायवुडचा असतो. ओल धरली की तो किंचित फुगतो, सोंगट्या जड चालतात आणि बोरिक पावडरचे बारीक गोळे होतात. एरवी पलीकडच्या खिशापर्यंत जाणारी सोंगटी मध्येच थांबते. मग खेळाडू पुन्हा पुन्हा पावडर मागतात, आणि सामना रखडतो.

नियमाप्रमाणे पावडर बोर्ड सुरू होण्यापूर्वी टाकायची असते. मध्येच हवी असेल तर पंचाची परवानगी लागते. पावसाळ्यात हा नियम मोडीत निघू नये म्हणून आयोजकांनीच आधी तजवीज करावी. बोर्ड आदल्या दिवशी कोरड्या खोलीत आणून ठेवावेत, भिंतीला टेकवून उभे न करता सपाट ठेवावेत. पावडरचा डबा घट्ट झाकणाचा असावा. प्रत्येक बोर्डावरचा दिवा खेळाच्या अर्धा-पाऊण तास आधी लावला तर पृष्ठभागाची ओल बरीच उडते. गेम संपल्यावर पंचाने स्वतः सुक्या सुती फडक्याने बोर्ड पुसून पावडर सारखी पसरवावी, म्हणजे दोघांनाही एकच वेग मिळतो आणि कोणाला संशय येत नाही.

पंख्याचा प्रश्न याच्या उलट आहे. डोक्यावरचा पंखा जोरात फिरला की पावडर एका बाजूला जमते आणि कधी खेळाडूच्या डोळ्यातही जाते. दिवा हलला की सावल्या हलतात. म्हणून पंखा मंद ठेवावा किंवा बाजूचा पंखा खेळाडूंकडे न वळवता वापरावा. खोली उकडत असेल तर दोन गेमच्या मधली विश्रांती थोडी वाढवावी. ही सूट सर्व बोर्डांना सारखी द्यावी.

आक्षेप केव्हा आणि कसा

मतभेद झाले की खेळ थांबतो, आणि वाद लांबला की तोच सर्वांत मोठा विलंब ठरतो. म्हणून आक्षेप घेण्याची वेळ आणि पद्धत ठरलेली आहे. आक्षेप पुढचा फटका मारला जाण्यापूर्वीच घ्यायचा असतो. दोन फटके झाल्यावर ‘मघाशी तुझा हात लागला होता’ म्हणणे ग्राह्य धरत नाहीत, कारण तोपर्यंत बोर्डची मांडणी बदललेली असते. आक्षेप पंचाकडे घ्यायचा, प्रतिस्पर्ध्याकडे नाही. पंचाचा निर्णय पटला नाही तर मुख्य पंचाला बोलावता येते, आणि त्याचा शब्द अखेरचा मानून लगेच खेळ पुढे सुरू करावा लागतो. मुख्य पंच येईपर्यंत कोणीही सोंगट्यांना हात लावायचा नाही.

पंचाच्या नजरेतून काही गोष्टी सुटतात. स्ट्रायकर ठेवताना करंगळीचा धक्का लागून सोंगटी तसूभर सरकते. स्ट्रायकर रेषेला टेकला होता की नव्हता हे फक्त खेळणाऱ्यालाच माहीत असते. अशा वेळी स्वतःहून हात वर करून सांगणारा खेळाडू एका फाउलची किंमत मोजतो, पण त्या दिवसापासून त्याचा प्रत्येक आक्षेप गांभीर्याने ऐकला जातो. स्पर्धेच्या वातावरणावर याचा परिणाम लिखित नियमापेक्षा खोल होतो. मोठ्या खेळाडूने एकदा असे केलेले ज्या मुलांनी पाहिले, ती मुले पुढे तसेच वागतात.

पंचालाही शिष्टाचार आहे. त्याने खेळाडूच्या नेमाच्या रेषेत उभे राहू नये, फटक्याच्या क्षणी गुण पुकारू नयेत, ओळखीच्या खेळाडूशी गप्पा मारू नयेत. गुण प्रत्येक बोर्डनंतर मोठ्याने सांगून दोघांची मान डोलवून घ्यावी. शेवटी गुणपत्रिकेवरून होणारे वाद या सवयीने जवळजवळ नाहीसे होतात.

गावच्या स्पर्धेचे वेळापत्रक

वेळेची शिस्त केवळ खेळाडूंवर ढकलून चालत नाही. आयोजनच सैल असेल तर कितीही चांगले खेळाडू आले तरी अंतिम सामना मध्यरात्री होतो. ३२ खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली तर एकूण ३१ सामने होतात. चार बोर्ड असतील तर पहिल्या फेरीला चार सत्रे, दुसरीला दोन आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांना एकेक, अशी नऊ सत्रे लागतात. एका सत्राला ४५ मिनिटे धरली तर खेळाचा वेळ पावणेसात तास होतो. सकाळी ९ वाजता सुरू झालेली स्पर्धा जेवणाची सुट्टी धरून संध्याकाळी पाचच्या आत संपू शकते. आता प्रत्येक सत्र फक्त १० मिनिटे उशिरा सुरू झाले, तर दीड तास वाढतो. रात्रपाळीला जाणाऱ्या कामगार खेळाडूला मग उपांत्य फेरी सोडून जावे लागते, आणि तो खेळ न हरताच बाद होतो.

यावर उपाय साधे आहेत. सामन्यांचा तक्ता आदल्या दिवशी लावावा. प्रत्येक सत्रात चार सामने चालू असताना पुढच्या आठ खेळाडूंना ‘तयार राहा’ म्हणून बसवून ठेवावे. सुरुवातीच्या फेऱ्या एकाच गेमच्या ठेवाव्यात आणि उपांत्य फेरीपासून तीन गेम घ्यावेत. प्रत्येक बोर्डला एक पंच मिळत नसेल तर हरलेल्या खेळाडूने पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचे, हा रिवाज उत्तम आहे. त्यामुळे मनुष्यबळ मिळते आणि मुलांना नियमही पाठ होतात. गणेशोत्सवात स्पर्धा असेल तर ध्वनिक्षेपक आणि ढोल-ताशांच्या वेळा टाळून सत्रे आखावीत. आरतीच्या वेळी सगळे बोर्ड एकदम थांबवावेत, एखाद्याच बोर्डवर खेळ चालू ठेवू नये.

इतर खेळांतही हेच सूत्र

आळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळाला हे नियम करावे लागले आहेत. बुद्धिबळात घड्याळ दोन्ही खेळाडूंचा वेळ वेगवेगळा मोजते आणि प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास देण्याला नियमानेच मनाई आहे. २००३ साली युरोपीय सांघिक स्पर्धेत युक्रेनच्या रुस्लान पोनोमारिओव याचा मोबाइल वाजला आणि तो डाव त्याला गमवावा लागला. स्नूकरच्या शूटआउट स्पर्धेत पहिल्या ५ मिनिटांत फटक्याला १५ सेकंद आणि शेवटच्या ५ मिनिटांत १० सेकंद मिळतात. पाश्चात्त्य देशांत पिनबॉलच्या यंत्रावर स्पर्धा होतात. तिथेही आपली पाळी नसलेल्याने यंत्रापासून लांब राहायचे, खेळणाऱ्याशी बोलायचे नाही आणि नाव पुकारताच हजर व्हायचे, असा दंडक आहे. या सगळ्या खेळांत प्रतिस्पर्धी जवळ असतो पण त्याच्या खेळाला हात लावायची मुभा नसते, आणि त्या मोकळ्या जागेचे रक्षण नियमांनाच करावे लागते.

कॅरममध्ये सामना संपल्यावरही थोडे काम उरते. दोघे हस्तांदोलन करतात, पंचाचे आभार मानतात, गुणपत्रिका तपासून सही करतात, सोंगट्या मोजून डबीत ठेवतात आणि पुढच्या जोडीसाठी जागा मोकळी करतात. हरलेल्या खेळाडूने बोर्डजवळ उभे राहून चुकलेल्या फटक्यांची उजळणी करत बसू नये, कारण शेजारच्या बोर्डवर अजून कोणाची तरी पाळी चालू असते. ज्या स्पर्धेत हा क्रम रोजच्या सवयीचा होतो, तिथे पंचाला घड्याळाकडे फारसे बघावे लागत नाही आणि निकाल केवळ हाताच्या कसबावर लागतो.